न फोडता कळलेली फूट

नववीच्या वर्गात अवयव शिकवत असताना एका मुलीने विचारले होते, "सर, अवयव दाखवल्याशिवाय एखादी संख्या संयुक्त आहे असं म्हणता येतं का?" तास संपत आला होता. "पुढे कळेल," असे सांगून मी वेळ मारून नेली. तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज लिहीत आहे.

१६४४ साली मरँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने एक यादी छापली. २ चा कितवा घात घेऊन त्यातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, याची ती यादी. तिच्यात घातांक ६७ होता. म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मूळ आहे, असा दावा झाला. १८७६ मध्ये एदुआर्द ल्युका यांनी तो खोडून काढला. संख्या संयुक्त असल्याचे त्यांनी सिद्ध केले, पण तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता.

हे कसे जमते? ल्युकांच्या पद्धतीला पुढे डी. एच. लेहमर यांनी दिलेले सोपे रूप वहीत करून पाहण्यासारखे आहे. घातांक २ पेक्षा मोठी मूळ संख्या हवी. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. घातांक ५ घेतला तर संख्या ३१. बाक्या येतात ४, १४, ८, ०. म्हणून ३१ मूळ. घातांक ११ घेतला तर संख्या २०४७. मी नऊ पायऱ्या केल्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणजे २०४७ संयुक्त. ती २३ गुणिले ८९ आहे. पण १७३६ कडे कितीही पाहिले तरी त्यात २३ किंवा ८९ दिसत नाही. कसोटी संख्येला फोडत नाही. मूळ संख्या जशी वागली असती तशी ही वागत नाही, एवढीच ती साक्ष देते.

एकवीस अंकी संख्येचे अवयव मिळायला १९०३ साल उजाडले. त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांनी तोंडातून शब्द न काढता फळ्यावर गुणाकार केला आणि सभेने टाळ्या वाजवल्या, अशी आख्यायिका आहे. नवाचा ताळा आपणही पाहू शकतो: दोन्ही अवयवांची बाकी १, गुणाकाराचीही १.

शोधायला वर्षे लागतात, पडताळायला एक फळा पुरतो. याच तफावतीवर आरएसए ही सांकेतिक लेखनाची पद्धत १९७७ पासून उभी आहे. दुसरीकडे, २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवले की, कोणतीही संख्या मूळ की संयुक्त याचा निश्चित निर्णय अंकांच्या मानाने बेताच्या पायऱ्यांत होतो. अवयव शोधण्याची तितकी झटपट रीत नेहमीच्या संगणकांसाठी अजून कोणी दिलेली नाही.

चोविसावी फर्मा संख्या पन्नास लाखांहून अधिक अंकांची आहे. ती संयुक्त असल्याचे १९९९ मध्ये सिद्ध झाले. तिचा एकही अवयव सापडलेला नाही.

तेव्हा बाई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. पण तू अवयव मागत होतीस, आणि ती मागणी वेगळी आहे, हे मला त्या तासाला सांगता यायला हवे होते.