पत्ता आपला, खोली भाड्याची

घर पाहावे बांधून नि लग्न पाहावे करून, असे वाडवडील सांगून गेले. आजच्या काळात त्यात ‘वेबसाइट पाहावी काढून’ एवढी भर घालायला हरकत नाही. घराच्या बाबतीत निदान गवंडी कोण, सुतार कोण आणि घरमालक कोण हे आपल्याला ठाऊक असते. वेबसाइटच्या बाबतीत मात्र ‘डोमेन’, ‘होस्टिंग’, ‘सर्व्हर’, ‘बँडविड्थ’ असे शब्द समोर येतात आणि चांगला शिकलेला गृहस्थही मान डोलावून पैसे मोजतो. साताऱ्याच्या कंदी पेढेवाल्यापासून सांगलीच्या माजी विद्यार्थी मंडळापर्यंत सगळ्यांनाच हल्ली वेबसाइट हवी असते. तेव्हा या शब्दांशी घरगुती ओळख करून घेतलेली बरी. मी मराठीचा मास्तर. शब्द दिसला की त्याचे कूळ विचारायचे ही आमची खोड, एवढाच माझा या विषयातला अधिकार.

मराठीत वेबसाइटला ‘संकेतस्थळ’ म्हणतात. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे नायक-नायिकेने गुपचूप भेटायची जागा. आता तिथे विजेचे बिल भरतात! काळाचा महिमा, दुसरे काय?

यजमान की घरमालक?

‘होस्ट’ म्हणजे यजमान. पण आपला यजमान पाहुण्याला आग्रहाने वाढतो आणि ‘राहा की आणखी चार दिवस’ म्हणतो. हा यजमान वर्षाचे पैसे आगाऊ घेतो आणि मुदत संपली की सामान बाहेर काढतो. तेव्हा त्याला घरमालकच म्हणावे, म्हणजे पुढचा सगळा व्यवहार ध्यानात येईल.

वेबसाइट म्हणजे अखेर मजकूर, छायाचित्रे आणि त्यांच्या मांडणीच्या सूचना यांचे एक गाठोडे. हे गाठोडे अशा संगणकावर ठेवावे लागते, की जो रात्रंदिवस चालू असेल आणि इंटरनेटला जोडलेला असेल. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. पंगतीतल्या वाढप्यासारखे त्याचे काम. जो जे मागेल ते त्याच्या पानात वाढायचे. असे शेकडो-हजारो सर्व्हर जिथे थंड हवेत, विजेची पर्यायी सोय करून ठेवलेले असतात, ती इमारत म्हणजे डेटा सेंटर. आणि तिथली थोडी जागा भाड्याने घेणे म्हणजे होस्टिंग.

सांगलीकराला हे समजावून सांगायला नकोच. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे होती. जमिनीत खणलेली, अरुंद तोंडाची आणि पोटात रुंद. शेतकऱ्याची हळद दुसऱ्याच्या पेवात राहायची आणि वर्षानुवर्षे टिकायची. माल आपला, पेव दुसऱ्याचे. होस्टिंगचा व्यवहार याहून निराळा नाही.

जागेचे प्रकार मात्र अनेक. ‘शेअर्ड होस्टिंग’ म्हणजे वाड्यातले बिऱ्हाड. एकाच सर्व्हरवर पुष्कळ भाडेकरू. भाडे कमी, पण शेजारच्या बिऱ्हाडी लग्न निघाले की आपल्या नळाचे पाणी जाते. ‘व्हीपीएस’ म्हणजे त्याच इमारतीतला स्वतंत्र ब्लॉक. आपल्या वाट्याचे पाणी आणि वीज ठरलेली. ‘डेडिकेटेड सर्व्हर’ म्हणजे अख्खा बंगला. आणि ‘क्लाउड’? नावावरून आभाळात काही तरंगते आहे असे वाटते. तसे काही नाही. तेही जमिनीवरचेच संगणक. फरक इतकाच, की तिथे गरजेप्रमाणे खोल्या कमी-जास्त करता येतात आणि वापरू तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. पेढेवाल्याला किंवा शाळेच्या मंडळाला वाड्यातले बिऱ्हाड बहुधा पुरते.

पाकिटावरचा पत्ता

आता पत्ता. शनिवार पेठ पुण्यात आहे, साताऱ्यात आहे आणि कराडातही आहे. म्हणून पाकिटावर नुसते ‘शनिवार पेठ’ लिहून भागत नाही. गाव लिहावे लागते. इंटरनेटवरच्या अशा संपूर्ण, एकमेवाद्वितीय पत्त्याला डोमेन नेम म्हणतात.

आमच्या सातारा जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो वाईहून. त्या विश्वकोश मंडळाचा इंटरनेटवरचा एक पत्ता असा: विश्वकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन. आधी घर, म्हणजे विश्वकोश; मग पेठ, म्हणजे मराठी; मग ‘गव्ह’ म्हणजे सरकार; आणि शेवटी ‘इन’ म्हणजे भारत. पाकिटावर आपण लिहितो तोच क्रम! ‘डॉट इन’ची नोंदणी २००५ पासून सर्वांना खुली झाली आणि २०१४ साली देवनागरीतले ‘डॉट भारत’ही आले. म्हणजे सगळा पत्ता मराठी अक्षरांत लिहिण्याची सोय आता आहे.

यंत्राला मात्र अक्षरांपेक्षा आकडे प्रिय. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. ही योजना टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते संस्कृतचे कवीही होते. साताऱ्याचा पिन ४१५००१, सांगलीचा ४१६४१६. तसाच सर्व्हरलाही आकडा असतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. आपण नाव टाइप करायचे आणि त्या नावाचा आकडा कुणीतरी शोधून द्यायचा, ही व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संशोधकाने १९८३ साली ती आखली. वेबसाइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली, की या वहीत नवा आकडा लिहायचा. बिऱ्हाड बदलते, पत्ता तोच राहतो.

हा पत्ता जो आपल्या नावे नोंदवून देतो तो रजिस्ट्रार. नोंदणी एका वेळी फार तर दहा वर्षांची. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावेच लागते. खोलीचे भाडे वेगळे आणि पत्त्याची नोंदणी वेगळी, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. आमच्या ओळखीच्या एका मंडळाला ती फार महाग पडली. त्यांची वेबसाइट एका होतकरू तरुणाने करून दिली. पत्ता त्याने स्वतःच्याच नावावर आणि स्वतःच्याच ई-मेलवर नोंदवला. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला. मंडळ खोलीचे भाडे इमानाने भरत राहिले. पण पत्त्याच्या नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्या तरुणाच्या बंद पडलेल्या ई-मेलवर जाऊन पडली. मुदत संपली आणि तिऱ्हाइताने तो पत्ता घेतला. सत्तर वर्षांची छायाचित्रे आत सुखरूप होती. पण जुना पत्ता टाइप करणाऱ्या आजोबांच्या समोर जुगाराची जाहिरात येऊ लागली!

आणखी तीन शब्द

‘बँडविड्थ’ म्हणजे रस्त्याची रुंदी. एका वेळी किती गाड्या जातील ते तिच्यावर ठरते. पुष्कळ कंपन्या मात्र महिन्यात एकूण किती माल वाहिला, त्यालाही हाच शब्द लावतात. हिशेब सोपा आहे. पेढ्यांच्या छायाचित्राचे पान दोन मेगाबाइटचे आणि महिन्यात ते पाचशे जणांनी पाहिले, तर एक हजार मेगाबाइट, म्हणजे सुमारे एक गिगाबाइट माल वाहिला. तेव्हा ‘अमर्याद’ या शब्दाला भुलून जास्त पैसे मोजू नयेत.

‘अपटाइम’ म्हणजे दुकान उघडे असण्याचा वेळ. ९९.९ टक्के म्हटले, की वर्षातून पावणेनऊ तास दुकान बंद राहिले तरी घरमालकाने शब्द मोडला असे होत नाही. ते तास नेमके लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आले, तर पेढेवाल्याने काय करावे?

‘एसएसएल प्रमाणपत्र’ म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर. पत्त्याच्या आधी ‘एचटीटीपीएस’ दिसले, तर वाटेत कुणी पत्र फोडून वाचू शकत नाही. पण मोहोर असली म्हणजे पत्र लिहिणारा सज्जन असतो, असे नव्हे! लबाडही लाख वापरू शकतो. ‘लेट्स एनक्रिप्ट’ नावाची एक संस्था २०१५ पासून ही प्रमाणपत्रे फुकट देते. त्यामुळे कुणी त्यासाठी मोठी रक्कम सांगितली, तर कारण विचारावे.

दुसऱ्या गावची प्रत

शेवटचा शब्द ‘बॅकअप’. याला मराठीत साधा शब्द आहे: दुसरी प्रत. पोथ्या हाताने उतरवून घेणाऱ्या आपल्या लोकांना तिचे मोल ठाऊक होते. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी लोकांच्या मुखी असलेले अभंग बुडाले नाहीत, असे आपण मानतो ते काय उगीच?

ही कृष्णा साताऱ्याजवळ माहुलीवरून वाहत सांगलीला जाते. २००५ च्या महापुरात तिचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले आणि पुष्कळ पेवे निकामी झाली. २०१९ च्या ऑगस्टात ती पुन्हा चढली आणि दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या सांगली नगर वाचनालयातले हजारो ग्रंथ भिजून गेले. त्यांत दुर्मिळ ग्रंथही होते. ज्या पुस्तकाची प्रत दुसऱ्या गावी होती ते पुन्हा मिळू शकते. जिची दुसरी प्रतच नव्हती ती पाने परत येणार नाहीत.

संगणकाला हा न्याय चुकलेला नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. कित्येकांनी बॅकअप घेतलेले होते. पण ज्यांचे ते त्याच इमारतीत होते, त्यांचे मूळही गेले आणि प्रतही. फुकटच्या जागेची कथा आणखी निराळी. याहू कंपनीने जिओसिटीज ही लोकप्रिय सेवा २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली, तेव्हा लाखो हौशी पानांची बिऱ्हाडे एकदम उठली. आग नाही, पूर नाही. घरमालकाला वाडा चालवायचा नव्हता, इतकेच.

म्हणून तुमच्या घरातल्या कुणी या दिवाळीत वेबसाइट काढायचे मनावर घेतले, तर कंपनीच्या माणसाला चार प्रश्न जरूर विचारा. पत्ता कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ई-मेलवर नोंदवणार? पुढच्या वर्षी भाडे किती? उद्या आम्हाला दुसरीकडे जायचे झाले, तर गाठोडे आमच्या हाती देणार ना? आणि दुसरी प्रत कुठल्या गावी ठेवणार? उत्तरे देताना तो माणूस घुटमळला, तर खुशाल दुसरा घरमालक पाहावा. खोल्या पुष्कळ मिळतात. आणि कुठेही राहिलात तरी एक प्रत स्वतःच्या घरातल्या कपाटात असू द्यावी. सांगलीकराने तेवढी वरच्या मजल्यावर ठेवावी.