वाऱ्याचे गणित

बारडोली म्हटले की विमान कोणाला आठवत नाही. आठवते ती १९२८ सालची शेतसाऱ्याची लढाई. तरीही विमानाभोवतीच्या हवेचे गणित स्वस्त कसे करतात, हे सांगताना मला आरंभ तेथूनच करावासा वाटतो. सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढविला होता आणि त्यामागील आकडे शेतांत न फिरताच जमविले, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली. त्यांनी प्रत्येक शेत मोजले नाही, निवडक गावे पाहिली; आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. म्हणजे थोडके मोजूनही खरे कळते, परंतु ते थोडके कोठे मोजावे, हे कळले पाहिजे.

हवेच्या गतीची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत. पण ती सरळ सुटत नाहीत. म्हणून विमानाभोवतीच्या अवकाशाचे लहान लहान खण पाडून प्रत्येकातील वेग, दाब व तपमान क्षणाक्षणाला काढीत जावे लागते. खणाची बाजू निम्मी केली की खण आठपट होतात. बहुधा काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते. श्रम झाले सोळापट! पंखाला लगटून वाहणाऱ्या थरातील भोवरे तर केसाच्या जाडीइतके बारीक. सबंध विमानाभोवती तेवढे बारीक खण पाडणे आजच्या मोठ्यात मोठ्या संगणकालाही झेपत नाही.

तेव्हा पंखाजवळ खण बारीक ठेवतात, दूर मोकळ्या हवेत ऐसपैस. आणि भोवरे एकेक न मोजता त्यांचा सरासरी परिणाम धरतात. काम अनेक यंत्रांत वाटून देण्याचाही मार्ग आहे. बंगळूरच्या तेव्हाच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ साली ‘फ्लोसॉल्व्हर’चे काम त्यासाठीच सुरू झाले, पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम ८०००’ १९९१ साली आला. अर्थात वाटणीने वेळ वाचतो, श्रम नव्हेत.

वैमानिकांना शिकविणाऱ्या सिम्युलेटरची गोष्ट आणखी निराळी. त्याला क्षणभरही थांबता येत नाही. म्हणून निवडक वेग व निवडक कोन घेऊन पंखावरील बळे आधीच काढून तक्त्यात भरतात. काही गणिताने, काही प्रयोगांनी, काही प्रत्यक्ष उड्डाणांतून. मधले आकडे यंत्र अनुमानाने घेते. एरवी हे उत्तम चालते. परंतु नाक फार वर झाले की पंख एकाएकी उचल गमावतो, आणि नेमके ते वळण तक्त्यात नसेल तर यंत्र त्यावरून सरळ रेघ ओढून मोकळे होते. तेथे शिकलेला हात खऱ्या विमानात फसतो. अमेरिकेत २०१९ पासून विमानकंपन्यांच्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये ही स्थिती पूर्णपणे अनुभवणे सक्तीचे झाले. त्यापूर्वी अनेक सिम्युलेटरांचे तक्ते या वळणापाशीच संपत असत, ते पुढे वाढवावे लागले.