दुर्बल हृदय आणि देशोदेशींचे रोगी

'अमुक गृहस्थ हृदयक्रिया बंद पडून निवर्तले' असें वर्तमानपत्रांत आपण पुष्कळदां वाचतों. परंतु ज्या विकारास डॉक्टर लोक 'हार्ट फेल्युअर' म्हणतात, त्यांत हृदय बंद पडत नाहीं, तें थकतें. शरीरास लागेल तितकें रक्त पुढें लोटण्याची शक्ति त्याच्या ठायीं उरत नाहीं. मग पावलांवर सूज येते, चार पायऱ्या चढतांच दम लागतो, आणि रात्रीं आडवें होतांच जीव गुदमरूं लागल्यामुळें रोगी उशांस टेकून, बसल्या बसल्याच पहाट गांठतो. असा रोगी योग्य उपचारानें अनेक वर्षें जगूं शकतो. मात्र तो कोणत्या देशांत राहतो यावर फार कांहीं अवलंबून असतें, आणि तेंच वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन २०२३ मध्यें चाळीस देशांतील २३,३४१ रोग्यांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वय व स्त्रीपुरुषभेद यांमुळें पडणारें अंतर वगळून पाहतां, श्रीमंत देशांत दर शंभर रोग्यांमागें वर्षास ७.८ मृत्यु, तर अतिदरिद्री देशांत १९.१ मृत्यु असें प्रमाण आढळलें. भारत ज्या कनिष्ठ-मध्यम उत्पन्नाच्या वर्गांत मोडतो, तेथें तें १५.७ होतें.

गरिबांस औषधें मिळत नसतील, हें कारण कोणासही चटकन् सुचेल. पण तें पुरतें पडत नाहीं. ज्यांच्या हृदयाची आकुंचनशक्ति घटली आहे अशांस तीन प्रकारचीं औषधें एकत्र देण्याची रीत होती: हृदयाची धांव आवरणारें बीटा-ब्लॉकर, रक्तवाहिन्या सैल करून भार हलका करणारें एनालाप्रिल किंवा तत्सम, आणि स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीचें. (अलीकडे त्यांत चौथ्याची भर पडली आहे.) हीं तिन्ही घेणारे रोगी श्रीमंत देशांत शेंकडा ५१.१ निघाले, आणि अतिदरिद्री देशांत ४५.७! गोळ्यांत इतकें थोडें अंतर, आणि मरणांत अडीचपट.

खरें अंतर दिसतें तें इस्पितळाच्या दारीं. श्रीमंत देशांत मृत्यूंच्या जवळजवळ चौपट वेळां रोगी इस्पितळांत दाखल होतात. अतिदरिद्री देशांत दाखल होणाऱ्यांचा आंकडा मृत्यूंहूनही लहान आहे. म्हणजे कित्येकजण इस्पितळाचें तोंड न पाहतांच जातात. जे पोंचतात, त्यांपैकीं शेंकडा ३१.६ पहिल्या तीस दिवसांतच दगावतात. श्रीमंत देशांत हाच आंकडा ६.७ आहे. वारंवार इस्पितळांत जावें लागणें हें आपण दुर्दैव समजतों, पण ज्याला तसें जातां येतें तो या रोगांत भाग्यवान् म्हणावयाचा.

याचें इंगित असें कीं, हा रोग एका चिठ्ठीनें आवरणारा नव्हे. औषधांची मात्रा आठवड्यां-आठवड्यांनीं वाढवीत न्यावी लागते, आणि मूत्रपिंडें ती सोसतात कीं नाहीं हें रक्त तपासून पाहावें लागतें. रोज सकाळीं वजन करावें. दोन-तीन दिवसांत तें एकाएकीं दोन किलोंनीं वाढलें, तर डोळ्यांस सूज दिसण्यापूर्वींच शरीरांत पाणी सांचूं लागलें आहे असें समजून डॉक्टरांस कळवावें. आमच्याकडे मात्र एकदां मिळालेली चिठ्ठी वर्षभर औषधाच्या दुकानांत दाखवीत राहावयाची चाल आहे, पैशाची ओढाताण झाली कीं गोळी दिवसाआड येते, आणि मीठ कमी करा म्हटल्यावर भाजींतलें कमी होतें, पण लोणचें व पापड पानांत राहतात.

त्यांत आपल्याकडचे रोगी तरुण. पाश्चात्त्य देशांत या विकाराचे पुष्कळसे रोगी सत्तरीच्या पुढचे असतात. सन २०१३ मध्यें तिरुवनंतपुरम् येथील इस्पितळांत दाखल झालेल्या १,२०५ रोग्यांचें सरासरी वय ६१ होतें, आणि आफ्रिकेच्या नऊ देशांतील अशाच १,००६ रोग्यांचें अवघें ५२. आफ्रिकेंत मुख्य कारण न आवरलेला रक्तदाब; आपल्याकडे बहुधा हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांचा रोग. पण कांहींचें मूळ शाळेच्या वयांतच असतें. घसा येतो, पुढें सांधे सुजतात, ताप उतरतो व सारे विसरतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडतात. अशा मुलास तीन-चार आठवड्यांनीं एकदां, वर्षानुवर्षें, पेनिसिलिनची सुई टोंचून घ्यावी लागते.