धाप लागते ती कशाने? श्वासाच्या पडद्याची तपासणी

पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात जिचा जन्म गेला, ती बाई पन्नाशीनंतर घागर उचलताना धापा टाकू लागते. विडीला तिने कधी हात लावलेला नसतो. घरची माणसे म्हणतात, ‘वय झालं.’ पण धुराने फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. डॉक्टर या रोगाला सीओपीडी म्हणतात.

फुप्फुस स्वतः हवा ओढत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा स्नायूचा पडदा असतो. तो खाली सरकला की हवा आत येते. लोहाराच्या भात्यासारखेच हे काम आहे. या रोगात हवा पुरती बाहेर पडत नाही, फुप्फुस फुगून राहते आणि पडदा दबून सपाट होतो. आधीच फुगलेला भाता ओढून वारा किती येणार? म्हणून रोगी मान व खांदे उचलून श्वास घेतो.

हा पडदा सोनोग्राफीने पाहता येतो. गर्भारपणी पोटावर फिरवतात तसलेच यंत्र बरगड्यांजवळ लावतात. त्यात क्ष-किरण नसतात आणि दुखतही नाही. पडदा किती सरकतो आणि श्वास घेताना किती जाड होतो, हे डॉक्टर मोजतात. निवांत श्वासात तो साधारण १ ते २ सेंटिमीटर सरकतो, खोल श्वासात पुष्कळ अधिक. पूर्ण श्वास घेऊनही जाडी शेकडा २० वाढली नाही, तर स्नायू दुबळा झाला असे समजतात.

मात्र रोगाचे निदान नळीत जोराने फुंकण्याच्या तपासणीनेच, म्हणजे स्पायरोमेट्रीने होते. पडदा कितपत काम करतो आणि कृत्रिम श्वासाचे यंत्र काढता येईल का, हे ठरवायला सोनोग्राफीची मदत होते. ती प्रत्येकाला लागत नाही. गरज डॉक्टर ठरवतील.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात छातीच्या रोगांवर उपचार होतात. धाप वाढली असेल तर तेथे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. पंपाची ‘सवय लागते’ या समजुतीने औषध सोडू नये. विडी सोडावी. शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडावा.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून अनेक घरांत गॅस आला, तरी पाणी तापवायला चूल पेटतेच. निदान ती चूल उघड्यावर मांडा. घरातल्या बाईचा श्वास त्याने वाचेल.