पडितातला हिरवा ठिपका

या रे पोरांनो, बसा अंगणात. आज राजाराणीची नाही, गाईच्या मुताची गोष्ट सांगतो. हसू नका, मोठी नवलाची आहे.

आपल्या मोहगावच्या पडितात श्रावणात कधी नीट पाहिलंत? सगळं गवत वीतभर असतं आणि मध्येच परातीएवढा एक पुंजका गुडघ्याला लागतो, काळपट वाटावा इतका हिरवा. काही दिवसांपूर्वी तिथे गाय मुतलेली असते. आपली गवळाऊ गाय चाऱ्यातून जे नत्र पोटात घेते, त्यातलं थोडंच दुधात आणि अंगात मुरतं. बाकीचं शेणामुतातून मातीत परत येतं. मुतात असतो युरिया. हो, दुकानातल्या गोणीत असतो तोच! त्या परातीएवढ्या जागेचा हेक्टरी हिशोब मांडला, तर पाचशे किलो नत्र पडतं, कधी त्याहूनही जास्त.

एवढं नत्र मुळांना पचत नाही. मग मातीतले जिवाणू कामाला लागतात. एक टोळी युरियाचा अमोनिया करते. दुसरी, हवा खेळती असेल तोवर, त्याचं नायट्रेट करते. मग झड लागते, आपली काळी जमीन पाण्याने गच्च भरते आणि आतली हवा कोंडते. तेव्हा तिसरी टोळी उठते. हवेतला प्राणवायू मिळत नाही, म्हणून ती नायट्रेटमधला प्राणवायू ओढून जगते. काम पुरं झालं, तर साधं नत्र हवेत परत जातं. अर्ध्यावर सुटलं, तर निघतो नायट्रस ऑक्साइड. प्रीस्टलीने 1772 मध्ये शोधलेला हा वायू हुंगला की माणसाला हसू येतं, पण आभाळात त्याचं काम हसण्यासारखं नाही. शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो नायट्रस ऑक्साइड 273 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

आता गोणीकडे येऊ. 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र. जगभरचा ढोबळ अंदाज असा, की टाकलेल्या नत्रातलं शंभरातलं एक किलो या वायूच्या रूपाने उडतं. म्हणजे एका गोणीमागे सव्वातीनशे ग्रॅम वायू, अन् त्याची उष्णता सुमारे 90 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी. गोणी बनवताना कारखान्यात जो धूर होतो, तो वेगळाच.

आणखी एक गंमत. कोरड्या, भुसभुशीत मातीत मिथेन खाणारे जिवाणू राहतात. गाय रवंथ करताना ढेकरातून मिथेन सोडते, हवेत मिसळलेल्या मिथेनमधला थोडासा हे जिवाणू गिळतात. पण अमोनिया जास्त झाला, की त्यांचं मिथेन खाणं मंदावतं. खताने गवत वाढतं, पण हवेतलं मिथेन टिपणारे हे मुके नोकर सुस्तावतात.

आपल्या पडितात कोणी युरिया फेकत नाही, तो संत्र्याला, कपाशीला, मक्याला आणि हिरव्या चाऱ्याच्या तुकड्याला जातो. परदेशात मात्र चराईच्या रानालाही पिकासारखं खत देतात. पाण्यात नत्र उतरतं म्हणून न्यूझीलंडने 2021 मध्ये अशा रानाला वर्षाला हेक्टरी 190 किलो कृत्रिम नत्राची मर्यादा घातली.

युरिया वैरी नाही रे. त्याच्याविना इतका चारा पिकणार नाही. पण मूठभर जास्त टाकलं की चारा दुप्पट होतो, हा समज खोटा आहे. चाऱ्याला खत द्यायचं तर थोडं थोडं, कापणीमागे, ओल असताना द्यावं; आभाळ भरून आलेलं असताना कधीच नाही. 2015 पासून आपल्याकडच्या युरियावर निंबोळीचं तेल चढवतात, ते त्या दुसऱ्या टोळीचे हात धीमे करतं. चाऱ्यात बरबटी मिसळली, तर तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र फुकटात आणून देतात.

उद्या पडितात जा, हिरवे ठिपके मोजा आणि संध्याकाळी मला सांगा किती भरले.