तळ्यातल्या घुसखोरांच्या मागावर

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी माशांची काचेची पेटी आहे? मग काचेला तोंड चिकटवून बसलेला तो काळपट, ठिपक्या-ठिपक्यांचा मासा तुम्ही नक्की पाहिला असेल. दुकानदार काका सांगतात, "न्या हा, काच साफ ठेवतो!" त्याचं नाव सकर. दुकानात असतो बोटाएवढा. पण काही वर्षांत हा पठ्ठ्या फूटभर, कधी त्याहूनही लांब होतो आणि पेटीत मावेनासा होतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "जीव आहे बिचारा, मारायचा कशाला? तळ्यात सोडून देऊ."

झालं! गोष्ट इथूनच सुरू होते.

सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं आणि परांना जाड काटे. त्यामुळे त्याला सहजासहजी कुणी गिळू शकत नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला, तर तो तोंडाने हवा गिळतो आणि चक्क पोटातून श्वास घेतो! अंड्यांसाठी काठाच्या मातीत लांब बिळं खणतो, म्हणजे काठही ढासळतात. जाळ्यात अडकला की जाळं फाटतं, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. केरळ, आंध्र, बंगालमध्ये तो पसरलाय, आणि आपल्या उजनी धरणातही मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. ज्याचं घर जाळ्यावर चालतं, त्याचा दिवस असा एक मासा वाया घालवू शकतो.

(घरचा सकर मोठा झालाच, तर दुकानात परत द्या. तळ्यात नाही!)

असे परके जीव कुठवर पोचले, हे शोधतात कसे? चला, भीमेवरच्या उजनी धरणाच्या काठी, भिगवणकडे जाऊ. गमबूट घ्या. आणि पहाटे उठा, कारण पाहणीचं पहिलं काम होडीत नसतंच, ते असतं मासळीच्या ढिगापाशी.

होड्या काठाला लागल्या, की ढिगातला एकेक मासा ओळखायचा, पट्टीवर ठेवून लांबी मोजायची, वजन करायचं, वहीत लिहायचं. इथे भरपूर दिसतो तो चिलापी. तुम्हाला वाटेल, हा इथलाच. नाही हं! चिलापी आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात मुद्दाम आणला गेला. त्याची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात फार. पण याच चिलापीवर उजनीतल्या कितीतरी मच्छीमारांची चूल पेटते! शिवाय आपल्या धरणांत ज्यांचं बीज सोडतात, ते रोहू आणि कटला तरी कुठले? गंगेकडचे. तेव्हा 'परका तेवढा वाईट' म्हणून मोकळं होता येत नाही. प्रश्न असतो तो असा: याच्यामुळे इथले वाम, मरळ, शिंगटा कमी होतायत का? उत्तर एका दिवसाच्या ढिगात सापडत नाही. त्याच जागी, तशाच जाळ्याने, वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं. कंटाळवाणं? हो, बरंचसं कंटाळवाणंच आहे.

मधूनमधून गप्पाही मारायच्या. "काका, हा मासा पहिल्यांदा कधी दिसला?" मच्छीमारांना तारीख आठवत नसेल, पण 'त्या मोठ्या पुराच्या वर्षी' हे बरोबर आठवतं. माझ्या मते ही माहिती जाळ्याइतकीच मोलाची.

मग काठाकाठाने चालायचं. जलपर्णी कुठवर आली ते नकाशावर मांडायचं. जांभळ्या फुलांसाठी शोभेचं झाड म्हणून आणलेली ही बाई आता नद्याच्या नद्या झाकून टाकते. बुडालेल्या वनस्पती बघायला दोरी बांधलेलं दंताळं पाण्यात फेकायचं आणि ओढायचं. दगड उलटून गोगलगायी बघायच्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की काठावर सकरची बिळं दिसतात का, तेही पाहायचं.

पण बिळं दिसली, म्हणजे उशीर झालेलाच असतो. दोन-चार मासे असताना ते पकडता येतील. हजारो झाल्यावर एवढ्या मोठ्या धरणातून वेचून काढणार कसे? म्हणून आता एक नवी युक्ती वापरतात. प्रत्येक प्राणी पाण्यात विष्ठा, त्वचेचे कण, शेवाळल्यासारखा चिकट द्रव सोडत असतो. त्यात त्याचा डीएनए असतो. थोडंसं पाणी बारीक गाळणीतून गाळायचं आणि प्रयोगशाळेत त्या गाळणीवर डीएनए शोधायचा. मासा न बघताच माशाचा पत्ता! २००८ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी तळ्यांच्या पाण्यातून अमेरिकन बुलफ्रॉग हा परका बेडूक असाच हुडकला होता.

संध्याकाळी निघायची घाई होते, पण एक काम राहिलेलं असतं. गमबूट, जाळी, दंताळं, सगळं घासून धुवायचं आणि वाळवायचं. तळव्याच्या चिखलात एखादं बी किंवा गोगलगाईची अंडी चिकटली असतील, तर घुसखोर शोधायला गेलेली मंडळीच त्याला पुढच्या तळ्यात पोचवतील की!

गाळण्या थंड पेटीत बंद होतात. वहीत जागा, तारीख, वेळ लिहिली जाते. सकर दिसला नसेल, तरी ती ओळ रिकामी सोडत नाहीत. तिथे स्वच्छ अक्षरात लिहायचं: 'शोधला. सापडला नाही.' पाच वर्षांनी तिथे पहिला सकर सापडला, तर तो केव्हा आला हे याच ओळीवरून कळणार असतं.