रुग्णाची माहिती सीमेपार जाताना

रुग्णाच्या घरी जे दिसले वा कानी आले ते बाहेर बोलू नये, असा दंडक चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षेच्या वेळीच घालून दिला आहे. त्या काळी वैद्याने मौन पाळले की रुग्णाची गोपनीयता राखली जात असे. आज केसपेपर संगणकात आहे, त्या संगणकातील माहिती अनेकदा परदेशातील सर्व्हरवर आहे, आणि दुबई वा लंडनचा रुग्ण व्हिडिओवरून नाडीखेरीज सर्व काही आपल्यापुढे ठेवतो आहे. अशा वेळी केवळ मौन पुरत नाही. माहिती देशाबाहेर जाताना तिचे रक्षण कसे करावे, याचे एक उत्तम उदाहरण आमच्या गोवंडीतच आहे.

गोवंडी स्टेशन रोडवर, देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहिले आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबांची आणि ७,२४,११५ स्त्रियांची माहिती घेण्यात आली. त्यात पांडुरोग, रक्तदाब, रक्तशर्करा, गर्भनिरोधन, इतकेच नव्हे तर पतीकडून होणाऱ्या मारहाणीविषयीचेही प्रश्न होते. ही माहिती आयसीएफ या अमेरिकी कंपनीमार्फत चालविल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रमाद्वारे जगभरच्या अभ्यासकांना उपलब्ध झाली. शेजारणीलाही न सांगितलेली गोष्ट सातासमुद्रापार गेली. मात्र ती कोणाची, हे तिच्यासोबत गेले नाही. हे कसे साधले?

पहिली पायरी म्हणजे नाव वगळणे. अभ्यासकाच्या हाती येणाऱ्या माहितीत व्यक्तीचे नाव नसते, केवळ क्रमांक असतात. परंतु एवढ्याने भागत नाही. वस्तीचे नेमके ठिकाण कळले, तर वय, अपत्ये व व्यवसाय यांवरून व्यक्ती ओळखता येते. म्हणून दुसरी पायरी : वस्तीचा नकाशावरील बिंदू हेतुपुरस्सर हलविला जातो. शहरी वस्तीचा बिंदू २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण वस्तीचा ५ किलोमीटरपर्यंत, आणि ग्रामीण वस्त्यांपैकी एक टक्क्याचा १० किलोमीटरपर्यंत. देवनारच्या वस्तीचा बिंदू चेंबूर वा मानखुर्दच्या बाजूस पडू शकतो. अभ्यासाचे निष्कर्ष फारसे बिघडत नाहीत, पण घर मात्र सापडत नाही.

तिसरी पायरी एचआयव्ही तपासणीच्या बाबतीत दिसते. या कार्यक्रमाच्या पद्धतीनुसार रक्ताच्या नमुन्यावर नावाऐवजी बारकोड असतो, आणि ओळख पटविणारे दुवे नष्ट केल्यानंतरच तपासणीचा निकाल अन्य माहितीशी जोडला जातो. चौथी पायरी कराराची. अभ्यासकाने आपला हेतू नोंदवावयाचा, कोणासही ओळखण्याचा प्रयत्न न करण्याचे व माहिती परस्पर इतरांस न देण्याचे मान्य करावयाचे.

येथे क्रम ध्यानात घ्यावा. करार शेवटी येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने या कार्यक्रमाचा निधी थांबविला. निधी देणारा बदलतो, कंपनी बदलते, करारही संपतो. परंतु माहिती पाठविण्यापूर्वी तिच्यातून जी ओळख काढून टाकली, ती पुढे कोणाच्याही हाती लागत नाही. जे संरक्षण माहितीच्या अंगीच मुरलेले असते, तेच टिकते.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्याचे आहे. २०२० च्या आरंभी ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन संस्थेने दाखवून दिले की, भारतीय रुग्णांच्या एक्स-रे, सीटी आदींच्या १२ कोटींहून अधिक प्रतिमा कोणत्याही पासवर्डविना इंटरनेटवर उघड्या होत्या. त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. येथे प्रतिमेसोबत नावही होते. कोणी माहिती परदेशी पाठविली नव्हती; दार उघडे होते एवढेच.

कायद्याची बाजूही आपण जाणली पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३-अ आणि २०११ चे नियम वैद्यकीय नोंदींना संवेदनशील मानतात, आणि एकट्याच्या मालकीच्या व्यवसायासही लागू होतात. म्हणजे दवाखाना व औषधी दुकान दोन्ही आले. अशी माहिती परदेशी पाठविताना रुग्णाची संमती अथवा कराराची निकड हवी, आणि घेणाऱ्याकडे तितकेच संरक्षण हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हावयाच्या आहेत. त्यानुसार केंद्र सरकार विशिष्ट देशांकडे माहिती पाठविण्यास निर्बंध घालू शकेल. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. युरोपातील रुग्णांना तेथे सेवा देऊ करणाऱ्यास तेथील २०१८ पासूनचा कायदाही लागू होऊ शकतो.

आपल्या व्यवसायात पुढील गोष्टी आजच करता येतील :

१) नाव-पत्त्याची नोंदवही वेगळी आणि रुग्णवृत्तांत केवळ क्रमांकाने, अशी विभागणी करावी.

२) परदेशी नियतकालिकास रुग्णवृत्तांत पाठविताना संमती लेखी घ्यावी, वयाऐवजी वयोगट लिहावा, वस्ती व नेमका व्यवसाय गाळावा. छायाचित्रात डोळ्यांवर काळी पट्टी लावणे पुरेसे नाही.

३) सॉफ्टवेअर घेताना सर्व्हर कोणत्या देशात आहे, माहिती कोण पाहू शकतो आणि करार संपल्यावर ती पुसली जाईल काय, हे लेखी विचारावे.

४) औषधी दुकानदारांनी परदेशी पार्सलसोबत आवश्यक तेवढीच कागदपत्रे द्यावीत. कुरिअरवाल्यास रुग्णाचा संपूर्ण वृत्तांत देण्याचे कारण नाही.

५) वैद्यांच्या व्हॉट्सअॅप समूहात रिपोर्ट टाकण्यापूर्वी नाव व नोंदणी क्रमांक कापून टाकावा.

यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च नाही. रुग्ण आपणांस जे सांगतो ते उपचारासाठी सांगतो. त्याच्या व्याधीचे ज्ञान जगाला अवश्य व्हावे. तो रुग्ण कोण, हे मात्र आपल्या उंबरठ्याच्या आतच राहावे.